मिरचीचे रोप घरी बियांपासून : उगवते, पण कोलमडते का?

लातूर (धागाकर्ती), १२ मे

लातूरला आमच्या गच्चीवर मी गेल्या सहा वर्षांत मिरचीचे बी नऊ वेळा टाकले आणि त्यांतल्या पहिल्या चार वेळा एकही रोप मोठ्या कुंडीपर्यंत पोहोचले नाही. बियाणेच बोगस निघाले, असे मी प्रत्येक वेळी म्हणत असे. एकदा तर दुकानात जाऊन तसे सुनावूनही आले आणि त्याचे आज मला वाईट वाटते, कारण चारपैकी तीन वेळा बी चांगले उगवले होते आणि आठ-दहा दिवसांची रोपे मीच सकाळ-संध्याकाळ पाणी घालून मारली होती. ज्यांची रोपे अशीच जातात त्यांच्यासाठी हा धागा काढत आहे.

रोप कोलमडते तेव्हा काय दिसते, ते आधी सांगते. संध्याकाळी ताठ उभे असलेले रोप सकाळी मातीवर आडवे पडलेले असते. पाने हिरवीच असतात, म्हणून आपल्याला वाटते की पाणी कमी पडले आणि आपण आणखी पाणी घालतो. तेच रोप चिमटीत धरून अलगद उचलले, तर मातीलगतची मान भिजलेल्या दोऱ्यासारखी बारीक आणि तपकिरी झालेली दिसते. तिच्या वरचा देठ मात्र टवटवीत असतो. सतत ओल्या राहणाऱ्या मातीत पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशी वाढतात आणि त्या नेमक्या कोवळ्या मानेवर येतात. आडवे पडलेले रोप पुन्हा उभे राहत नाही. शेजारची रोपे वाचवणे एवढेच हातात उरते.

आपल्या भागात वाफसा म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. पेरणीच्या वेळी वाफशाची वाट पाहणारी माणसे आपण, पण कुंडीसमोर उभे राहिलो की ते सारे विसरतो. मूठभर माती दाबली तर तिचा गोळा व्हावा, त्याला टिचकी मारताच तो फुटावा आणि बोटांना चिखल लागू नये, एवढीच ओल मिरचीच्या बियांना आणि रोपांना हवी असते. बी रुजेपर्यंत ही ओल एकसारखी टिकवायची आणि कोंब वर आल्यानंतर मातीचा वरचा थर दोन पाण्यांच्या मध्ये थोडा सुकू द्यायचा, हा बदल मी केला आणि पाचव्या वेळेपासून माझी रोपे जगू लागली.

आता बियाण्याविषयी. मे महिन्यात आपल्याकडे सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि किती उगवले ते पाहून पेरणीचे ठरवतात. मिरचीलाही हेच करावे. वीस बिया रात्रभर पाण्यात भिजवाव्यात, मग ओल्या सुती फडक्यात पसरून ते फडके सैल गुंडाळावे आणि डब्यात ठेवावे. मात्र सोयाबीनसारखी चार-पाच दिवसांत घाई करू नये. मिरचीचे बी उबेत सात ते चौदा दिवस घेते. प्रमाणित बियाण्याची किमान उगवणशक्ती सोयाबीनसाठी ७० टक्के, तर मिरचीसाठी ६० टक्के धरली जाते. म्हणजे दहातल्या चार बिया न उगवणे हा फसवणुकीचा पुरावा नव्हे. हे मला तेव्हा माहीत असते, तर दुकानात मी तशी बोलले नसते.

ऊब म्हणजे २५ ते ३० अंश. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्रीचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा तेच बी तीन-तीन आठवडे नुसते पडून राहते आणि पुष्कळदा मातीतच कुजते. उलट मे महिन्यात गच्चीवर उन्हात ठेवलेला लहान ट्रे इतका तापतो की बी भाजून निघते. म्हणून मी आत्ता, मेच्या मध्याला, ट्रे घरात उत्तरेच्या खिडकीखाली ठेवते. कोंब दिसला की त्याच दिवशी त्याला उजेड द्यावा लागतो, नाहीतर रोप उंच, पांढुरके आणि लुळे होते. सकाळचे दोन तास कोवळे ऊन आणि पुढे दिवसभर हिरव्या जाळीखालची सावली, असा माझा क्रम आहे.

ट्रेमध्ये मी अर्धे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि अर्धे चाळलेले गांडूळखत भरते. आपली काळी माती शेताला कितीही चांगली असली तरी लहान ट्रेमध्ये ती नको. भिजली की चिकटते, वाळली की भेगाळते आणि त्या भेगेत रोपाची मुळे तुटतात. बी अर्ध्या ते एक सेंटिमीटर खोल टाकावे. कोंब वाकलेल्या कमानीसारखा वर येतो आणि कधीकधी बियाचे टरफल टोपीसारखे पानांवर अडकून राहते. ते ओढून काढू नये. त्यावर पाण्याचा एक थेंब सोडून संध्याकाळपर्यंत थांबावे, बहुतेक वेळा ते आपोआप गळते.

यंदा ज्वालाचे बी टाकले आहे. इतरांचे अनुभव अवश्य लिहावेत. विशेषतः बोकड्यासमोर, म्हणजे पाने आकसण्याच्या रोगासमोर, मी अजून हरते, त्याविषयी कुणी सांगितले तर बरे होईल.

अंबाजोगाई, १३ मे

ताई, फार उपयोगी लिहिले आहे. माझा प्रश्न साधा आहे. वर्षाचे तिखट करण्यासाठी आम्ही मार्चमध्ये वाळलेल्या लाल मिरच्या आणतो आणि देठ खुडताना वाटीभर बी सहज निघते. ते टाकले तर चालेल का? गेल्या वर्षी टाकले होते, तेव्हा रोपे भरपूर आली. परंतु एका झाडाला लांब आणि दुसऱ्याला आखूड, जाड मिरची लागली. तिखटपणाही सारखा नव्हता.

लातूर (धागाकर्ती), १३ मे

उन्हात वाळवलेल्या मिरचीतले बी उगवते, तव्यावर भाजलेल्या मिरचीतले उगवत नाही. हिरव्या मिरचीतले बीही सोडून द्यावे, कारण ते पक्व झालेले नसते. तुमच्याकडे झाडांत जो फरक पडला त्याचे कारण बहुधा असे असावे की बाजारात येणारी बरीच मिरची आता संकरित वाणांची असते आणि संकरित झाडाच्या बियांतून पुढच्या पिढीत आई-बापांचे गुण वेगवेगळे होऊन बाहेर पडतात. खाण्यापुरती मिरची हवी असेल, तर त्यात काहीच बिघडत नाही. फक्त ज्या मिरचीवर काळे, खोलगट डाग असतील तिचे बी घेऊ नका, कारण फळकुजीची बुरशी बियांबरोबर पुढच्या वर्षात येते.

बी काढताना हाताला आधी गोडेतेल चोळावे आणि नंतर साबणाने हात धुवावेत. मिरचीचा तिखटपणा बियांत नसून बिया ज्या पांढऱ्या गराला चिकटलेल्या असतात त्यात असतो आणि तो नुसत्या पाण्याने जात नाही.

परभणी, १५ मे

धागा आवडला, एका मुद्द्यावर मात्र माझे मत वेगळे आहे. मेच्या मध्याला बी टाकण्यापेक्षा रोहिणी निघाल्यावर, म्हणजे २५ मेच्या सुमारास टाकणे मला अधिक बरे वाटते. पस्तीस-चाळीस दिवसांनी रोप कुंडीत लावायचे असते, तेव्हा जुलै उजाडलेला असतो, आभाळ असते आणि रोपाला कोमेजण्याचा धक्का कमी बसतो. तुमच्या हिशेबाने रोप २० जूनच्या आसपास तयार होणार, आणि पाऊस लांबला तर त्याच वेळी आपल्याकडे अजून चाळीस अंशांचे ऊन असू शकते. मृग कोरडा गेलेली वर्षे आपण सर्वांनी पाहिली आहेत.

वाणांविषयी थोडे लिहितो. येथील कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले आणि २०१३ पासून ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. त्याने परभणी तेजस हा मिरचीचा वाण दिला आहे. राहुरीच्या विद्यापीठाचा फुले ज्योती हा वाणही आपल्याकडे लावला जातो. ताईंनी टाकलेली पुसा ज्वाला दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची आहे. हे तिन्ही सरळ, म्हणजे संकरित नसलेले, वाण असल्यामुळे त्यांचे बी घरी धरता येते. ज्यांची कुंडी लहान आहे त्यांनी पुसा सदाबहारचा विचार करावा. तिच्या मिरच्या घोसाने आणि आभाळाकडे तोंड करून लागतात.

बी टाकण्यापूर्वी ट्रायकोडर्मा चोळावा. शेतासाठी किलोभर बियाण्याला ५ ग्रॅम असे प्रमाण सांगतात. घरच्या चिमूटभर बियांना ओल्या बोटावर आलेली पूड पुरते. ही बुरशी उपयोगी असून मान कुजवणाऱ्या बुरशीला ती वाढू देत नाही. मात्र तिला थंड, सावलीच्या जागी ठेवावे लागते आणि पुड्यावरची अंतिम तारीख पाहूनच घ्यावे लागते.

सिल्लोड, १६ मे

मी मिरचीचा शेतकरी आहे. आमच्या सिल्लोड आणि शेजारच्या भोकरदन तालुक्यात हिरवी मिरची हे घर चालवणारे पीक आहे आणि ठिबक व मल्चिंगवर (वाफ्यावर अंथरलेल्या आच्छादनावर) पुष्कळ लोक ती उन्हाळ्यातच लावतात, म्हणून तारखेच्या वादात मी पडत नाही. ताईंनी बोकड्याविषयी विचारले आहे, तेवढे सविस्तर सांगतो.

पान आकसले की सगळे जण बोकड्या म्हणतात आणि दुकानातून एकच औषध आणून मारतात, तिथेच चूक होते. आधी पान कोणत्या बाजूला वळले आहे ते पाहावे. पानाच्या कडा वर उचलून द्रोणासारखा आकार झाला असेल, तर फुलकिडे आहेत. पांढरा कागद खाली धरून शेंडा हलकेच झटकावा, त्यावर पिवळसर, सुईच्या टोकाएवढे किडे पळताना दिसतात. पानाच्या कडा खाली वळल्या असतील, देठ लांबला असेल आणि पान उलट्या होडीसारखे दिसत असेल, तर कोळी ही बारीक कीड आहे, जाळे विणणारा कोळी नव्हे. ती नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. आणि शेंड्याची पाने बारीक होऊन गुच्छ झाला असेल, शिरा पिवळ्या पडल्या असतील आणि झाड वाढायचे थांबले असेल, तर तो विषाणू आहे. तो पांढरी माशी पसरवते. विषाणू लागलेल्या झाडावर औषध नाही. ते झाड पिशवीत घालून उपटावे, म्हणजे माश्या उडून दुसऱ्या झाडावर बसणार नाहीत.

फुलकिड्यांसाठी आणि माशीसाठी घरच्या घरी पाच टक्के निंबोळी अर्क करावा. पन्नास ग्रॅम निंबोळीचा गर कुटून फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात ठेवावा, सकाळी चांगला पिळून, गाळून एक लिटर करावा आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारावा. उरलेला अर्क दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. कोळी असेल, तर पाण्यात विरघळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम घ्यावे, पण ऊन पस्तीस अंशांच्या पुढे असताना ते फवारले तर पाने करपतात.

सर्वांत मोठी गोष्ट रोपवाटिकेतच करायची असते. विषाणू रोपात शिरतो तो बहुधा पहिल्या महिन्यातच, म्हणून ट्रेवर बारीक जाळी हवी. मच्छरदाणी उपयोगाची नाही, तिच्या छिद्रांतून पांढरी माशी सहज जाते. आम्ही कीडरोधक जाळी वापरतो. आपल्या एका ट्रेला मलमलीचे फडके पुरेल. शेतात आम्ही मिरचीभोवती मक्याच्या दोन ओळी लावतो, त्याही माशीला अडवण्यासाठीच. गच्चीवर वाऱ्याच्या बाजूला मक्याच्या चार कुंड्या ठेवून पाहायला हरकत नाही.

छत्रपती संभाजीनगर, २ जून

आमचा फ्लॅट पूर्वेकडे तोंड करून आहे आणि बाल्कनीत तीन तास ऊन येते. बोअरचे पाणी जड असल्यामुळे कुंडीच्या कडेला पांढरा थर बसतो आणि नवी पाने पिवळी पडून फक्त शिरा हिरव्या राहतात. घरात पाणी शुद्ध करणारे यंत्र आहे, त्यातून वाया जाणारे पाणी झाडांना घातले तर पाण्याचीही बचत होईल, असे वाटते.

लातूर (धागाकर्ती), २ जून

ते वाया जाणारे पाणी कृपा करून मिरचीला घालू नका. यंत्र क्षार काढून टाकते म्हणजे ते त्या सांडणाऱ्या पाण्यात ढकलते, त्यामुळे ते बोअरच्या पाण्याहूनही जड असते. फरशी पुसायला ते ठीक आहे. तुमची पाने पिवळी पडतात ती बहुधा लोहाच्या कमतरतेने. लोह मातीत असते, परंतु जड पाण्याने मातीचा सामू (पीएच) वाढला की झाडाला ते घेता येत नाही. पावसाळ्यात कुंड्या उघड्यावर ठेवून दोन-तीन मोठ्या पावसांत वरून खालपर्यंत धुऊन निघू द्याव्यात. साचलेले क्षार बरेचसे वाहून जातात. रोपे लहान असेपर्यंत त्यांना लागते किती, दिवसाला अर्धा तांब्या; तेवढे साठवलेले पावसाचे पाणी घालता येते.

पाण्याच्या बचतीविषयी लातूरकरांना वेगळे सांगावे लागत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आमच्या शहराला पाणी आले, त्या उन्हाळ्यापासून आमच्या घरात तांदूळ आणि भाज्या धुतलेले पाणी मोरीत जात नाही. तेच मोठ्या झाडांना घालते. कपड्यांच्या साबणाचे पाणी मात्र कुंडीला कधीच घालू नये, त्यातल्या सोडियममुळे माती घट्ट होते.

तीन तासांच्या उन्हात झाड जगेल, पण फळे थोडी लागतील. शक्य असेल तर कुंडी गच्चीवर न्यावी.

लातूर (धागाकर्ती), २३ जून

परभणीच्या सदस्यांनी म्हटले तसेच झाले. माझी रोपे १९ तारखेलाच सहा पानांवर आली आणि अजून एकही दमदार पाऊस नाही. आठवडाभर थांबेन. पुढच्या वर्षी रोहिणीलाच बी टाकणार.

चाळीस बियांतून एकतीस रोपे उगवली होती. मध्यंतरी मी दोन दिवस गावाला गेले असताना घरातल्यांनी काळजीपोटी एका ट्रेला पाणी भरपूर घातले आणि त्यातली सात रोपे कोलमडली. त्या ट्रेमधून आडवी पडलेली रोपे भोवतालच्या मातीसकट चमच्याने काढून टाकली, ट्रे वाऱ्याला ठेवला आणि तीन दिवस वरून पाणी न देता तळाच्या ताटलीत पंधरा मिनिटे पाणी ठेवून मग ते ओतून दिले. पुढे एकही गेले नाही.

कुंड्या बारा इंचांच्या आहेत. त्यांत माती, कोकोपीट आणि पूर्ण कुजलेले शेणखत समान घेतले आहे. शेणखत चाळताना दोन हुमणीच्या अळ्या निघाल्या, पांढऱ्या, लठ्ठ, अर्धगोल वळलेल्या. एकही आत राहिली असती तर तिने महिन्याभरात मुळे खाऊन टाकली असती. म्हणून शेणखत कितीही जुने असले तरी हाताने चाळून घ्यावे.

अंबाजोगाई, ९ ऑगस्ट

माझ्या झाडांना फुले लागली, पण ती गळतात. खत कमी पडते आहे का?

सिल्लोड, ९ ऑगस्ट

ताई, खत कमी नाही, बहुधा जास्त झाले असेल. युरिया किंवा ताजे शेणाचे पाणी वारंवार घातले की झाड पानांवर जाते आणि फूल सोडते. कुंडी एकदा कडक वाळून मग एकदम भिजली तरीही फुले गळतात. एप्रिल-मेमधली फूलगळ निराळी, ती उन्हाची असते. त्या दिवसांत काहीही केले तरी फळ थोडेच धरते. आता हवामान चांगले आहे, पंधरा दिवस खत बंद ठेवून पाणी सारखे द्यावे. झाडाला आधार दिला नसेल तर तोही द्यावा; ओझ्याने फांदी फाट्यापाशी चिरते. आम्ही तुराट्या रोवतो आणि सुतळीने सैल बांधतो.

लातूर (धागाकर्ती), १९ ऑक्टोबर

चोवीसपैकी आठ रोपे मी शेजाऱ्यांना दिली होती, उरलेल्या सोळांपैकी दोन विषाणूमुळे उपटावी लागली आणि चौदा झाडे आजही उभी आहेत. ट्रेवर मलमल बांधल्याचा उपयोग झाला, कारण गेल्या वर्षी याच दिवसांत निम्मी झाडे आकसलेली होती. सप्टेंबरपासून घरात मिरची विकत आणलेली नाही. पहिल्या तोड्याचा ठेचा केला, आणि लाल झालेल्या मिरच्या वाळवून, कुटून परवा भुरका केला. तेल, लसूण आणि घरचे तिखट यांचा तो वास जिन्यापर्यंत गेला होता.

यंदा बी धरले आहे, त्याची पद्धत लिहिते. मिरचीचे फूल स्वतःच्याच परागाने फळ धरते, परंतु मधमाश्या एका झाडाचा पराग दुसऱ्यावर नेतात आणि शेजारी दुसरा वाण असेल तर बी मिसळते. म्हणून सर्वांत निरोगी झाडाच्या एका फांदीवर कळ्या उमलण्याआधी मलमलीची पिशवी बांधली आणि रोज सकाळी ती फांदी बोटाने हलवत गेले. बाजरीएवढे फळ धरलेले दिसल्यावर पिशवी काढली आणि त्या देठांना लाल दोरा बांधला. तीन मिरच्या झाडावरच पूर्ण लाल होऊन किंचित सुरकुतेपर्यंत ठेवल्या. त्यांतून १६२ बिया निघाल्या. काळपट आणि चपट्या होत्या त्या टाकून १४० ठेवल्या आणि पंख्याखाली, सावलीत, ताटात दहा दिवस वाळवल्या. बी वाकवल्यावर वाकत असेल तर अजून ओल आहे. कडकन तुटले की वाळले. आजी असे बी राखेत मिसळून मडक्यात ठेवत असे. मी कागदाच्या पुडीत घालून, पुडीवर वाण आणि महिना लिहून, घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत ठेवले आहे. असे बी दोन-तीन वर्षे चांगले उगवते.

अंबाजोगाई, २० ऑक्टोबर

ताई, त्यांतल्या थोड्या बिया मिळतील का? यंदा वर्षाच्या तिखटातले बी टाकायचे नाही असे ठरवले आहे.

लातूर (धागाकर्ती), २० ऑक्टोबर

वीस बिया टपालाने पाठवते. मे महिन्यात त्यांतल्या पाच ओल्या फडक्यात गुंडाळून पाहा आणि किती उगवल्या ते इथे लिहा. उरलेल्या पंधरा रोहिणी निघाल्यावरच टाका.